पाडलेल्या बिल्डिंगचा राडारोडा कॉलनीच्या रस्त्याला खडीच्या जागी चालतो का?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगतो म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. आमची कॉलनी विजापूर रोडवरून आत, जुळे सोलापूरच्या टोकाला. जमीन सगळी काळी, आतला रस्ता अजून मातीचाच, पहिला पाऊस पडला की टू व्हीलर घसरतात, शाळेच्या रिक्षा मेन रोडलाच थांबतात आणि गॅसची गाडी तर आत यायलाच तयार नसते. लेआउट अजून महापालिकेकडं हस्तांतर झालेला नाही त्यामुळं रस्ता आम्हीच वर्गणी काढून करायचं ठरवलंय. लांबी २०० मीटर, रुंदी साडेतीन मीटर. कॉन्ट्रॅक्टरनी सांगितलंय की खाली मुरूम, त्यावर ६ इंच जीएसबी (खडीचा दाबलेला पायाचा थर), मग डब्ल्यूएमएम (पाणी घालून मिसळलेल्या खडीचा थर) आणि वर डांबर. आकडा ऐकून निम्मी मंडळी गप्प झाली.

आता शेजारच्या गल्लीत एक दोन मजली आरसीसी बिल्डिंग पाडायचं काम चालू आहे, दोन्ही मजले मिळून दोन हजार स्क्वेअर फूट बांधकाम असेल. स्लॅब, कॉलम, विटा, फरशा, प्लास्टर सगळा ढीग पडलाय आणि मालक म्हणतोय फुकट न्या, ट्रॅक्टरचं भाडंसुद्धा मी देतो. कमिटीतल्या दोघातिघांचं म्हणणं, हाच माल जीएसबीच्या जागी भरू, वर रोलर मारू, खडीचे पैसे वाचले. मला ते पटत नाही पण नाही का म्हणायचं हे नीट सांगताही येत नाही, आणि दुसरीकडं वाटतं की एवढं चांगलं काँक्रीट कुठंतरी ओढ्यात नाहीतर रिंग रोडच्या कडेला जाऊन पडणार त्यापेक्षा रस्त्यात गेलेलं काय वाईट. तर खरंच चालतं का, चालत असेल तर काय करून चालतं, आणि कुठल्या थरात? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे त्यांनी सांगा प्लीज, रविवारी मीटिंग आहे.

शेळगीचा_पाटील

बिनधास्त टाका ओ. आमच्याकडं सगळ्या बोळात तेच टाकलंय, दगड दगडच असतो की.

निवृत्त_डेप्युटी_इंजिनिअर

पाटील, तुमच्या बोळातून हायवा जात नसेल म्हणून टिकलं असेल. कॉलनीत घरं बांधायची चालू असतात, वाळूचे, विटांचे भरलेले टिप्पर रोज येतात, तिथं असं करून चालत नाही. सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर, हो, चालतं, आणि अधिकृतपणे चालतं. रस्त्यांमध्ये बांधकामाचा राडारोडा कसा वापरायचा यावर इंडियन रोड्स काँग्रेसचं स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तकच आहे, आयआरसी १२१, सन २०१७ चं. केंद्राच्या २०१६ च्या नियमांत तर सरकारी आणि महापालिकेच्या कामात १० ते २० टक्के असा माल वापरावा असं लिहिलेलं होतं. दिल्लीत बुराडीला २००९ पासून राडारोड्याचा प्लांट चालू आहे, तिथली खडी रस्त्याच्या खालच्या थरात, पेव्हर ब्लॉकमध्ये, कर्ब स्टोनमध्ये जाते. नेदरलँड्ससारख्या देशात तर रस्त्याच्या पायात फोडलेलं काँक्रीट आणि वीट मिसळून टाकणं हीच नेहमीची पद्धत आहे. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं विचारत नाही.

पण तुमच्या कमिटीतले म्हणतात तसं ढीग उचलून भरला तर दोन पावसाळे काढणं मुश्कील, कारण सांगतो. स्लॅबचा तुकडा फूट दीड फुटाचा असतो, असे तुकडे एकमेकांवर आडवेतिडवे बसतात आणि मध्ये पोकळी राहते. वरून रोलर फिरतो तो त्या मोठ्या तुकड्यांच्या डोक्यावरून फिरतो, पोकळीपर्यंत त्याचा दाब पोचतच नाही. वरून मुरूम पसरला की दिसायला छान सपाट दिसतं. मग पाऊस आला की वरची बारीक माती हळूहळू त्या पोकळीत उतरते आणि खालची काळी माती ओली होऊन गाडीच्या दाबानं वर चढते, दोन्हीकडून थर बिघडतो, आणि वर डांबरात खड्डा पडतो. लोक म्हणतात डांबर वाईट होतं, डांबराचा काही दोष नसतो तिथं.

म्हणून पहिलं काम निवडणं. काँक्रीटचे तुकडे आणि काळा दगड हा तुमचा खरा माल, तो वेगळा काढा. विटा वेगळ्या. पीओपी, जिप्सम बोर्ड, लाकूड, प्लास्टिक पाइप, वायर, काच हे सगळं बाहेर. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांना हातोडासुद्धा लावू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असतो, फुटला की धूळ छातीत जाते, ते अख्खेच्या अख्खे उतरवून वेगळे ठेवायला सांगा. पीओपीचं मुद्दाम लिहितोय कारण त्यात सल्फेट असतं. तुमच्याकडं काळी माती आहे, कुणीतरी माती सुधारायला चुना मिसळा असं सांगेल (आणि ते बरोबरही आहे), पण चुना घातलेल्या मातीला सल्फेटचं पाणी लागलं की माती फुगते, रस्ता वर उचलतो. दोन्ही गोष्टी एकत्र नकोत.

दुसरं, फोडणं आणि चाळणं. जीएसबीत सगळ्यात मोठा तुकडा ७५ मिलिमीटरच्या आत हवा, तुमच्या ६ इंची थराला तर ५३ च्या आतच ठेवा. त्यात मोठं, मध्यम, बारीक सगळं प्रमाणात हवं आणि ७५ मायक्रॉनच्या खालची धूळ ५ टक्क्यांच्या आत. क्रशरमधून काढलेल्या काँक्रीटला धूळ जास्त येते, ते बघावं लागतं.

तिसरं, टेस्ट. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे (पाचवी आवृत्ती, २०१३) जीएसबीच्या मालाचा सीबीआर (थर किती भार सोसतो त्याचा आकडा) चार दिवस पाण्यात बुडवून ठेवून कमीत कमी ३० यायला हवा, बारीक भागाचा प्लास्टिसिटी इंडेक्स (मातीचा चिकटपणा) ६ च्या वर नको, लिक्विड लिमिट (किती पाण्यानं माती पातळ होते ते) २५ च्या वर नको, आणि इम्पॅक्ट व्हॅल्यू (घाव घातल्यावर होणारा चुरा) ४० टक्क्यांच्या वर नको. चांगल्या आरसीसीचा फोडलेला माल हे सहसा पास होतो. अडतो तो पाणी शोषण्यात. आपला सोलापूरचा काळा दगड साधारण टक्काभर पाणी पितो, काँक्रीटच्या खडीला जुनं सिमेंट चिकटलेलं असतं म्हणून ती ३ पासून ८ टक्क्यांपर्यंत पिते. स्पेसिफिकेशनमध्ये २ टक्क्यांच्या वर गेलं की साउंडनेस टेस्ट (हवापाण्यानं खडी झिजते का ते बघणारी) करायला सांगितलीय, ती करून घ्या.

हे पाणी पिणं कामावरसुद्धा लक्षात ठेवा. नेहमीच्या खडीच्या अंदाजानं टँकर मारला तर माल कोरडा राहतो आणि कितीही रोलर मारा, बसत नाही. आदल्या दिवशी ढीग भिजवून ठेवायचा. आणि वजन हलकं असतं म्हणून काळ्या खडीची डेन्सिटी धरून या मालाची तपासणी करू नये, याची प्रॉक्टर टेस्ट (माल जास्तीत जास्त किती घट्ट बसतो ते काढणारी) वेगळी करावी आणि तिच्यातल्या डेन्सिटीच्या ९८ टक्के जागेवर मिळाली की पास. फायद्याची बाजूही सांगतो, जुन्या काँक्रीटमध्ये थोडं सिमेंट न मुरलेलं राहिलेलं असतं, पाणी लागलं की ते परत थोडं धरतं, त्यामुळं असा थर काही महिन्यांनी आणखी टणक होतो.

आता तुमचा हिशोब. २०० गुणिले साडेतीन गुणिले ०.१५ म्हणजे १०५ घनमीटर, म्हणजे ३७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) दाबलेला. सुटा माल ४८ ब्रासच्या आसपास लागेल. दोन हजार स्क्वेअर फूट आरसीसी बांधकामात ढोबळमानानं २० ते २५ ब्रास घट्ट काँक्रीट असतं, फोडल्यावर फुगून ३० ते ३५ ब्रास. म्हणजे तुमची पूर्ण गरज भागत नाही पण दोनतृतीयांश भागते, उरलेली नेहमीची खडी मिसळा. मिसळल्यानं प्रमाणही नीट बसतं, मी तर माल पुरला असता तरी मिसळाच म्हणालो असतो.

कुठल्या थरात, तर फक्त जीएसबीत. डब्ल्यूएमएमला खडीचा इम्पॅक्ट ३० टक्क्यांच्या आत लागतो, तिथं विटेचा थोडा अंशसुद्धा घात करतो. डांबराच्या थरात तर अजिबात नको, ही खडी डांबरही पिते, म्हणजे खडीचे पैसे वाचवून डांबराचे घालवायचे.

पूर्वभाग_रहिवासी

काकांनी विटेचं लिहिलं, मी मातीचं लिहिते कारण आमच्या गल्लीत ते भोगलंय. साखर पेठेच्या बाजूला जुनी माळवदाची घरं पाडून नवीन बिल्डिंगा उभ्या राहतात, त्या घरांच्या भिंती रुंद रुंद, बाहेर दगड आणि आत सगळी माती, वर माळवदाला पांढरी माती. एका कॉन्ट्रॅक्टरनं तसल्याच घराचा माल आमच्या बोळात भरला आणि वर पेव्हर ब्लॉक बसवले. उन्हाळ्यात एकदम टणक, पावसाळ्यात ब्लॉक खालीवर व्हायला लागले, दोन ब्लॉकच्या फटीतून पांढरा चिखल वर यायचा, सासूबाई त्यावरून पडल्या. त्यामुळं दादा, राडारोडा कुठल्या घराचा आहे ते बघा. तुमची आरसीसी बिल्डिंग आहे ते बरं आहे, पण त्याच ट्रॅक्टरनं दुसऱ्या पाडकामाचा माल आणून मिसळला तर ओळखू येत नाही, कुणीतरी तिथं उभं राहायला हवं.

निवृत्त_डेप्युटी_इंजिनिअर

ताई, फार महत्त्वाचं सांगितलंत. प्लास्टिसिटी इंडेक्सची टेस्ट त्याच मातीसाठी असते. माळवदाच्या घरातला घडीव दगड आणि डबर मात्र उत्तम असतो, माती झटकून तो सोलिंगला (पायात दगड रचायला) किंवा पिचिंगला (उताराला दगड लावायला) वापरता येतो. माती शेतात जाऊ दे, रस्त्यात नको.

एमएच१३_खडीवाला

काकांचं सगळं बरोबर आहे पण सोलापुरात हे करायला जाल तेव्हा अडचण कुठं येतीय ते मी सांगतो, माझा स्वतःचा धंदा हाच आहे. आमचे क्रशर काळ्या दगडाला लावलेले. काँक्रीटमध्ये सळई असतीय, जबड्यात सळई अडकली की मशीन बंद, बेल्टमध्ये गेली तर बेल्ट उभा चिरतो, म्हणून कुठलाच क्रशरवाला असला माल घ्यायला लवकर तयार होत नाही. तर तुम्ही काय करा, पाडणाऱ्यालाच सांगा की ब्रेकरनं तुकडे वीतभर करून दे आणि सळई पूर्ण सोडव. सळईचे पैसे त्यालाच मिळतात त्यामुळं तो ते आनंदानं करतोय, फक्त बारक्या रिंगा आणि बाइंडिंग वायर तो सोडून देतो, त्या मजूर लावून वेचून घ्या. असा साफ माल असेल तर मशीन रिकामं असतं त्या दिवशी क्रशरवाला काढून देईल, फोडणावळ घेईल. मोबाइल क्रशर तुमच्या एवढ्या मालासाठी येणार नाही, तो आणणं नेणंच परवडत नाही.

भाड्याचं पण गणित घाला. खाणीतून खडी येते तेव्हा खडीपेक्षा डिझेलच जास्त वाटायला लागतं. तुमचा माल शेजारच्या गल्लीतला, पण तो क्रशरला जाऊन परत येणार म्हणजे दोन खेपा झाल्या. कॉलनीजवळ मोकळा प्लॉट असेल आणि शेजारी तक्रार करणार नसतील तर ब्रेकरनंच बारीक फोडून तिरप्या जाळीवर चाळला तर एक खेप वाचते, पण माल क्रशरसारखा एकसारखा येत नाही, त्यात खडी आणि ग्रिट जास्त मिसळावं लागेल. आणि धुळीवर पाणी मारत राहा, आजूबाजूला लहान मुलं असतात.

एक गोष्ट मनापासून सांगतो, आमचा धंदा खाणीवर असला तरी मला हे झालेलं पाहिजे. टेकड्या संपत आल्यात. आपल्या शहरात रोज कुठं ना कुठं घर पडतंय, हा सगळा माल एका जागी आणून फोडला तर निदान कॉलन्यांच्या रस्त्यांना नवा डोंगर फोडायला लागणार नाही.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोन शंका आहेत. एक, कमिटीतले एक जण म्हणतात डांबर नको काँक्रीटचाच रस्ता करू आणि त्या काँक्रीटमध्येच ही खडी घालू, ते चालेल का? दुसरी, काळ्या मातीवर आधी काय करायचं, नुसता मुरूम पुरतो का?

निवृत्त_डेप्युटी_इंजिनिअर

काँक्रीटसाठी आयएस ३८३ बघा, २०१६ ची आवृत्ती. त्यात फोडलेल्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत आणि तेही एम २५ (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) पर्यंतच चालते. एम १५ च्या खालच्या हलक्या काँक्रीटमध्ये मात्र १०० टक्के चालते. म्हणजे वरच्या स्लॅबला घालायच्या भानगडीत पडू नका, तिथं मिक्स डिझाइन आणि रोजची तपासणी लागते, ती कॉलनीच्या कामावर होत नाही. स्लॅबच्या खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये खुशाल वापरा.

मातीचं तर पहिलं विचारायला हवं होतं खरं तर, कारण रस्ता तिथंच ठरतो. काळ्या मातीचा भिजलेला सीबीआर दोन तीनच असतो. वरची माती फूट दीड फूट काढा, चांगला मुरूम दोन थरात टाकून पाणी मारून दाबा, मग जीएसबी. आणि हे कृपा करून कॉन्ट्रॅक्टरकडून लिहून घ्या, जीएसबीचा थर साडेतीन मीटरवर बंद करायचा नाही, तो दोन्ही बाजूला गटारापर्यंत बाहेर काढायचा (त्या वाढीव रुंदीचा माल माझ्या वरच्या हिशोबात धरलेला नाही). बाजूला मातीच्या कडा ठेवून मध्ये खडी भरली की रस्ता परातीसारखा होतो, वरच्या भेगांतून पाणी आत येतं आणि बाहेर जायला वाट नसते, ते खाली काळ्या मातीत मुरतं. आपल्याकडं पाऊस कमी, पण पडतो तेव्हा सप्टेंबरात एकदम पडतो. फोडलेल्या काँक्रीटमधून चुन्याचं पाणी सुटतं, त्याचा पांढरा थर पाइपाच्या तोंडाशी साठतो, म्हणून जीएसबीचं पाणी बारीक छिद्राच्या पाइपातून काढू नका, उघड्या गटारात सोडा आणि ते गटार वर्षातून एकदा साफ करा.

सिव्हिल_शिकवणारी

चर्चा छान चालली आहे म्हणून थोडं जोडते, कारण विद्यार्थी प्रोजेक्टसाठी नेहमी विचारतात की मग घरचा कचरा, प्लास्टिक, राख यांचं काय. सगळ्यांची जागा रस्त्यात वेगवेगळी आहे. प्लास्टिक हे खडीच्या जागी जात नाही. गरम खडीवर प्लास्टिकचा कीस टाकतात, तो वितळून खडीला लेप बसतो आणि मग डांबर घालतात. मदुराईच्या त्यागराजर कॉलेजच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी ही पद्धत आणली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के, आणि त्यात पीव्हीसी चालत नाही, तापवल्यावर विषारी वायू सुटतो. एक लेनच्या एक किलोमीटरला जवळपास एक टन प्लास्टिक लागतं, म्हणजे तुमच्या २०० मीटरला दोनशे किलो. प्लांटवाला कीस घालायला तयार असेल तर जरूर करा.

कचरा डेपोचा जुना ढीग बायोमायनिंग करून (उकरून, कुजवून, वेगळा करून) चाळला की जी माती आणि दगडगोटे उरतात ते भरावात वापरता येतात. दिल्लीच्या गाझीपूरचा असा माल एक्सप्रेस वेच्या भरावात गेलाय, अहमदाबादच्या पिराण्याचा अहमदाबाद धोलेरा रस्त्यात. पण तो भराव आहे, खडी नव्हे, आणि त्यातला कुजणारा भाग आणि जड धातू तपासल्याशिवाय वापरायचा नाही. तुळजापूर रोडच्या डेपोकडून कुणी ट्रॅक्टर भरून आणतो म्हणाला तर नको म्हणा, घरांच्या आणि बोअरच्या इतक्या जवळ ते घालायचं नाही.

राखेच्या बाबतीत सोलापूर नशीबवान आहे. फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत, तिथली राख मोठ्या रस्त्यांच्या भरावाला उत्तम, हलकी असल्यामुळं कमजोर जमिनीवर भार कमी येतो. मात्र उघडी ठेवली तर उडते आणि वाहून जाते, तिला बाजूनं आणि वरून मातीचं कवच द्यावं लागतं. तुमच्या रस्त्याला भरावच नाही त्यामुळं तुम्हाला उपयोग नाही. साखर कारखान्याची बगॅसची राखही विचारतात, ती खडीची जागा घेऊ शकत नाही, त्यात न जळलेला कोळसा बराच असतो.

शेवटचं, कुठं डांबरी रस्ता खरवडून नवा करत असतील तर तो खरवडलेला माल मागून बघा. नुसता टाकला तर उन्हात मऊ होऊन दबतो, पण नव्या खडीत मिसळून खालच्या थराला चांगला.

एमएच१३_खडीवाला

मॅडम, खरवडलेल्या मालाला आता गिऱ्हाईक झालंय, फुकट मिळत नाही. पण विचारायला हरकत नाही.

जुळे_सोलापूरकर

आज मालकाशी बोललो, तो पाडणाऱ्याला सांगून काँक्रीट आणि विटांचे ढीग वेगळे करून द्यायला तयार झाला, म्हणतो मला तर जागा लवकर मोकळी झाली म्हणजे झालं. टेस्टसाठी माल किती न्यायचा आणि कुठं? आणि विटांचा ढीग जो उरेल त्याचं काय करू, तोही तो आम्हालाच घ्या म्हणतोय.

निवृत्त_डेप्युटी_इंजिनिअर

शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये फी भरून टेस्ट करून मिळतात, आधी फोन करून विचारा. माल फोडून झाल्यावर ढिगाच्या वरून, मधून, खालून, चार बाजूंनी घ्या, एकत्र करून दोन तीन पोती भरा. नुसता वरचा चांगला दिसणारा माल नेलात तर रिपोर्टही वरच्याच मालाचा येईल. मिसळायची खडीसुद्धा एक पोतं सोबत न्या आणि ज्या प्रमाणात रस्त्यात टाकणार त्याच प्रमाणात मिसळून सीबीआर करायला सांगा. चार दिवस पाण्यात ठेवावं लागतं, त्यामुळं रिपोर्टला आठवडा धरा आणि मे संपायच्या आत डांबर पडेल असं बेतून आत्ताच निघा. काम चालू असताना वाळू ओतून डेन्सिटी काढायची टेस्ट निदान तीन ठिकाणी तुमच्यासमोर करून घ्या, एक ठिकाण कडेचं असू दे.

विटा घ्या, पण रस्त्याच्या पट्ट्यात नको. गटाराच्या पलीकडं लोकांना चालायला पट्टा ठेवणार असाल तर तिथं फोडून, दाबून, वर ग्रिट आणि पेव्हर ब्लॉक. नाहीतर ज्याचं प्लिंथ भरायचं चालू आहे त्याला द्या, तुमच्या कॉलनीत दोन तरी निघतील.